वाटणी पेशीतली, बोल मात्र बाईला

बचत गटाच्या कामानं भोर-वेल्ह्याच्या गावोगावी फिरताना तीन वाक्यं माझ्या कानावर इतक्यांदा पडलीत, की ती आता पाठच झाली आहेत. पहिलं, ‘हिच्या पोटाला पोरीच.’ दुसरं, ‘भरला हंडा उचलला, म्हणून तिसऱ्या महिन्यात खाली झाली.’ आणि तिसरं, ‘गिराणात हिनं ईळी हातात घेतली, म्हणून पोर असं निपजलं.’ बोलणारी बहुतेक वेळा बाईच असते. आणि जिच्याबद्दल बोलणं चाललंय, ती मान खाली घालून चहाचे कप विसळत असते.

तिन्ही वाक्यांत दोष एकीचाच. पण मैत्रिणींनो, या तिन्ही गोष्टींचं मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी सापडतं, आणि ते ठिकाण ना विहिरीवर आहे, ना विळीवर. ते आहे आपल्या पेशींच्या आत, जिथं गुणसूत्रांची वाटणी होते तिथं. मी मराठी घेऊन बीए झालेली. विज्ञानाशी संबंध दहावीलाच संपला. पण मुलगी बारावीला सायन्सला गेली, तिची पुस्तकं घरभर पसरली आणि पोळ्या लाटता लाटता तिचं पाठांतर माझ्या कानावर पडू लागलं. मग मीच तिला प्रश्न विचारू लागले. ‘आई, तू परीक्षेला बसणारेस का?’ असं ती वैतागून म्हणाली, तरी मी काही सोडलं नाही.

तिचं प्रात्यक्षिक तर मी घरीच पाहिलं. काचेच्या बाटलीत पाणी, तोंडावर कांदा, कांद्याचा बुडखा पाण्याला जेमतेम टेकलेला. तीन-चार दिवसांत पांढऱ्याशुभ्र मुळ्या सुटल्या. पुढचं काम कॉलेजात. मुळीचं अगदी टोक कापायचं, ते लालसर रंगात बुडवून थोडं गरम करायचं, काचपट्टीवर ठेवून अंगठ्यानं हलकेच चिरडायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. त्यांच्या बाईंनी पालकांनाही एक दिवस बोलावलं होतं, तेव्हा मीही डोळा लावला. एकेका चौकोनी घरात गडद रंगाचे धागे! कुठं गुंतवळासारखे, कुठं मधोमध ओळीनं लागलेले, कुठं दोन बाजूंना ओढले जाणारे. रोज फोडणीला टाकतो त्या कांद्यात हे सगळं चाललेलं असतं, हे कुणाच्या ध्यानीमनी तरी असतं का?

कांद्याच्या पेशीत असे १६ धागे, माणसाच्या पेशीत ४६. सूत्र म्हणजे धागाच की. त्यावर आपले गुण लिहिलेले, म्हणून ते गुणसूत्र. हे धागे पेशी फुटताना जवळून न्याहाळले ते जर्मनीतल्या वाल्टर फ्लेमिंग या शास्त्रज्ञानं. त्याचं त्यावरचं पुस्तक १८८२ साली निघालं.

आता ही वाटणी कशी होते ते सांगते. आपल्याकडं वाटणी म्हटली की पोटात गोळाच येतो. बांधावरून भांडणं, तलाठ्याकडं हेलपाटे, आणि सख्ख्या भावांचं बोलणं बंद. पेशीची रीत निराळी. एका पेशीच्या दोन व्हायच्या असतील, तर ती आधी प्रत्येक धाग्याची हुबेहूब नक्कल काढते. ४६ च्या ४६ धाग्यांची! नक्कल मूळ धाग्याला चिकटूनच राहते. मग हे जोडधागे आखडून जाड होतात, पेशीच्या मधोमध एका रेषेत उभे राहतात. पेशीच्या दोन टोकांकडून बारीक दोर येतात आणि प्रत्येक जोडधाग्याला दोन्ही बाजूंनी धरतात. एक जरी जोडधागा दोराला नीट लागलेला नसला, तरी पेशी थांबून राहते. सगळे लागले, की चिकटलेल्या नकला सुटतात, एक इकडं, एक तिकडं. दोन्ही लेकींना पुरता संच मिळतो, कुणाच्या वाट्याला कमी नाही की जास्त नाही. हे सूत्री विभाजन. जखम भरते, केस वाढतात, पोटातलं बाळ एका पेशीपासून नऊ महिन्यांत एवढं होतं, ते सगळं याच वाटणीनं.

हे दोर ओढत असतानाच मध्ये थांबवले तर? तर धागे जागच्या जागी अडकून राहतात आणि मोजता येतात. थांबवणारं औषध कुठलं, हे वाचून मला तर काटाच आला. कॉल्चिसीन. परदेशात ते एका कंदाच्या फुलझाडापासून काढतात, पण आपल्या कळलावीतही तेच असतं! पावसाळ्यात आपल्या कुंपणांवर वेल चढतो, लाल-पिवळ्या पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळलेल्या असतात, गौरीच्या दिवसांत बायका फुलं आणतात, तीच कळलावी. कळा लावते म्हणून कळलावी. अडलेल्या बाईच्या बेंबीवर, तळपायावर तिचा कंद उगाळून लावायची रीत होती. कुणी ‘पोट पाडायला’ म्हणून तो पोटातही द्यायचं. तो कंद जहर आहे, बरं का. ज्या गुणानं तो प्रयोगशाळेत पेशीतले दोर थांबवतो, त्याच गुणानं तो खाणाऱ्या बाईच्या शरीरातल्या पेशींची वाढही थांबवतो, आणि जीव जातो. फुलं पाहा, गौरीपुढं ठेवा, पण कंदाला लहान मुलांचा हात लागू देऊ नका. आणि कुणी म्हातारीनं सुचवलं, तर तिथंच तिला अडवा.

या कॉल्चिसीनच्याच मदतीनं जो हिन त्जियो नावाच्या, जावा बेटावर जन्मलेल्या माणसानं अल्बर्ट लेवान यांच्या स्वीडनमधल्या प्रयोगशाळेत माणसाची गुणसूत्रं नीट मोजली. १९५६ साली ती छापून आली, ४६. त्याआधी जवळजवळ तीस वर्षं जगभरच्या पुस्तकांत ४८ छापलं जात होतं आणि मोठमोठे लोक तेच शिकवत होते. आपल्याकडं या विद्येत मोठं नाव झालं ते एका बाईचं, डॉ. अर्चना शर्मा यांचं. जन्म पुण्याचा, १९३२ चा. सगळं काम मात्र कलकत्ता विद्यापीठात. गुणसूत्रं रंगवायच्या आणि वाचायच्या पद्धतींवर त्यांनी पतीबरोबर लिहिलेलं पुस्तक १९६५ साली निघालं. १९७५ ला भटनागर पुरस्कार, १९८४ ला पद्मभूषण. पुण्यात जन्मलेल्या या बाईचं नाव आमच्या भागातल्या किती मुलींना माहीत असेल?

पण आपल्याशी खरी गाठ आहे ती दुसऱ्या प्रकारच्या वाटणीशी. बीज तयार होताना ४६ ची निम्मी व्हावी लागतात. नाही तर आईचे ४६ आणि बापाचे ४६ मिळून बाळात ९२ होतील की! म्हणून स्त्रीबीजात २३ आणि पुरुषबीजात २३. याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. आपल्या गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, जोडीतलं एक आईकडचं आणि एक बापाकडचं. बीज तयार होताना या जोड्या एकमेकींजवळ येतात, थोडे तुकडे अदलाबदल करतात (फुगडी खेळताना हात धरावेत तशा) आणि मग सुटतात. प्रत्येक जोडीतलं एकच बीजात जातं. कुठलं जाईल, याला नियम नाही. म्हणून तर एकाच आईची लेकरं एकासारखी एक नसतात.

तेविसावी जोडी मुलगा-मुलगीची. बाईत दोन एक्स, पुरुषात एक एक्स आणि एक छोटा वाय. हे पहिल्यांदा स्पष्ट कुणी दाखवलं? नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईनं, १९०५ साली, पिठात-कोंड्यात होणाऱ्या किड्यात! आधी शाळेत शिकवणारी, पस्तिशीच्या सुमारास विज्ञानाच्या शिक्षणाकडं वळलेली. तिला दिसलं की मादी किड्यात वीसच्या वीस गुणसूत्रं मोठी, नरात एकोणीस मोठी आणि एक बारकं. आपण ज्या किड्याला चाळणीत पाहून नाक मुरडतो, त्यानं हा निवाडा केला. स्त्रीबीजात नेहमी एक्सच असतं. पुरुषबीजांत वाटणी झाली की निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. एक्सवालं बीज मिळालं तर मुलगी, वायवालं मिळालं तर मुलगा.

इथं मला एक वेगळंच सांगायचंय. गेली कित्येक वर्षं आरोग्य खात्याच्या भिंतीवर आणि आमच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या भाषणांत एक वाक्य असतं, ‘मुलगा की मुलगी हे पुरुषावर अवलंबून असतं.’ वाक्य खोटं नाही. बाईवरचा आळ उतरावा म्हणून ते आलं, तेही चांगलंच. पण गावात ते कसं ऐकलं जातं ते पाहा. ‘मग याच्यातच काही कमी असंल, याला औषध द्या.’ मग कुणी जडीबुटी आणतं, कुणी विषम-सम रात्री मोजतं, कुणी बाबाकडं नेतं. म्हणजे आळ गेलाच नाही, एका पाटावरून उठून दुसऱ्या पाटावर बसला. आणि रात्री घरी त्याचा राग निघतो तो पुन्हा तिच्यावरच! माझं स्पष्ट मत आहे, की हे वाक्य आता पुरं करून सांगायला हवं. ते बापाच्या बीजावर ठरतं, पण बापाच्या हातात नसतं. नाणं त्याच्या खिशातलं, पण पडतं ते आपल्या मनानं. दर खेपेला पुन्हा नव्यानं, निम्मं-निम्मं. तीन मुली झाल्या म्हणून चौथ्या खेपेला नाणं काही लाजत नाही.

हे पटत नसेल तर गोठ्याकडं पाहा. आमच्या भागात दुधाचा धंदा घरोघरी. गाईला कालवडच व्हावी म्हणून आता लिंग वर्गीकृत वीर्यमात्रा मिळतात, शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. कसं करतात? वळूच्या एक्सवाल्या बीजात वायवाल्यापेक्षा सुमारे चार टक्के जास्त डीएनए असतो. रंग देऊन, यंत्रातून एकेक बीज सोडून, त्या चार टक्क्यांवरून ते वेगळं काढतात. एवढं अवाढव्य यंत्र लागतं ज्याला, ते काम बाबाच्या पुडीनं होईल का हो? (गोठ्यात मादीसाठी जादा पैसे मोजायचे आणि घरात नराचा नवस करायचा, हे आमचं शहाणपण!) माणसांत अशी निवड करणं कायद्यानं गुन्हा आहे. २००३ च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेआधीची निवडही त्या कायद्यात आली.

कायद्याची गोष्टही या धाग्यांपासूनच सुरू होते. बाळाभोवतीचं पाणी सुईनं काढून त्यातल्या पेशींची गुणसूत्रं मोजायची तपासणी आपल्या देशात सत्तरच्या दशकात आली, ती बाळात काही दोष आहे का हे पाहायला. पण एक्स-वायही दिसतातच की. बघता बघता ती मुलगी शोधायची तपासणी झाली. आज पाचशे खर्च करा नि उद्याचे पन्नास हजार वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती तेव्हा लागत. मुंबईतल्या स्त्री संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी त्याविरुद्ध रान उठवलं, आणि १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला पहिला बंदीचा कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा. तरी काय झालं? महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं १९९१ ला ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३, आणि २०११ च्या गणतीत ८९४. पेशीतली वाटणी निम्मी-निम्मीच होत होती. कमी-जास्त केलं ते आपण. नीरा नदी ओलांडली की आमचा शेजारचा सातारा जिल्हा. तिथं २०११ च्या ऑक्टोबरात ‘नकुशी’, ‘नकुसा’ नावाच्या अडीचशेवर मुलींची नावं बदलायचा मोठा कार्यक्रम जिल्हा परिषदेनं केला. त्या मुलींना आपली नवी नावं आपणच निवडता आली. त्यांच्या आयांना मात्र ‘तुला नकुशी का झाली’ हे कुणी विचारायचं सोडलं असेल का?

आता दुसरं वाक्य, हंड्याचं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ गेला, की घरात चौकशी समिती बसते. काय खाल्लंस, काय उचललंस, पपई खाल्ली का, एसटीत बसलीस का? त्या बाईच्या अंगातलं रक्त गेलेलं, ती रडून रडून थकलेली, आणि वर हा जबाब. तर ऐका. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. एखाद्या जोडीतली दोन्ही एकाच बीजात गेली, किंवा एकही गेलं नाही. असा गर्भ बहुतेक वेळा पुढं वाढूच शकत नाही. चूक झाली ती बीज तयार होताना नाहीतर पहिल्या काही दिवसांत, म्हणजे पाळी चुकायच्याही आधी. हंडा त्यानंतर उचलला! बाकीच्या गर्भपातांना दुसरी कारणं असतात, थायरॉइड, साखर, गर्भाशयाचा आकार, काही वेळा कळतही नाही. म्हणून सुनेला हंडे वाहायला लावा, असं मी म्हणत नाही हं! गरोदर बाईला विश्रांती हवीच, ती तिच्यासाठी हवी. पण गेलेल्या गर्भाचा हिशेब तिच्या कमरेवर मांडू नका. असं एकदा झालं तर बहुतेकींना पुढच्या खेपेला चांगलं मूल होतं. दोन-तीनदा लागोपाठ झालं, तर नवरा-बायको दोघांचीही गुणसूत्रं तपासून घ्यावीत. दोघांची. एकटीला रिक्षात घालून पाठवू नये.

आणि तिसरं वाक्य, मला सगळ्यात जास्त झोंबणारं. आमच्या पलीकडच्या वाडीतला एक मुलगा आहे. तिरपे डोळे, चपटं नाक, बोलणं थोडं अडखळत, आणि कुणी घरी आलं की धावत जाऊन चप्पल जागेवर लावणारा. डॉक्टरांनी डाऊन सिंड्रोम सांगितलं. आजी म्हणते, गिराणात सुनेनं भाजी चिरली. ते ग्रहण झालं तेव्हा सुनेला सहावा महिना होता.

मी त्या आजीशी वाद घातला नाही. फक्त हिशेब मांडला. या मुलाच्या प्रत्येक पेशीत एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रं दोनऐवजी तीन आहेत, म्हणून ४७. हाताच्या पेशीत तीन, रक्ताच्या पेशीत तीन, केसाच्या मुळाशी तीन. सगळ्या पेशी ज्या एका पहिल्या पेशीपासून झाल्या, तिच्यातच तीन असल्याशिवाय हे कसं होईल? म्हणजे जे झालं, ते गर्भ राहायच्या क्षणाआधीच होऊन गेलेलं. सहाव्या महिन्यात आकाशातला चंद्र झाकला गेला काय नि न गेला काय, तो प्रत्येक पेशीत एकेक धागा कसा ठेवून जाईल? आजी काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या खेपेला मी गेले, तेव्हा सुनेला ‘बस की गं तू पण’ म्हणाल्या. (ग्रहणात गरोदर बाईला चार तास कुणी काम सांगत नाही, तेवढा एक फायदा मात्र आहे त्या रुढीचा!)

‘पण मग बाईंच्याच बीजात चूक होते ना?’ असं एका मास्तरांनी मला विचारलं. हो, दहांत नऊ वेळा ते जादा गुणसूत्र आईच्या बीजातून येतं. लपवायचं कशाला? पण का येतं, ते पुरतं ऐका. पुरुषाची बीजं वयात आल्यापासून रोज नवी होतात. बाईची तशी नाहीत. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी बीजं तयार व्हायला लागतात. पाचव्या महिन्यात साठ-सत्तर लाख असतात, जन्मताना दहा-वीस लाख उरतात, आणि जन्मभरात पिकतात ती चारशेच्या आसपास. त्या बीजांत गुणसूत्रांच्या जोड्या हातात हात घालून तेव्हापासून थांबलेल्या असतात. पंधरा वर्षं, पंचवीस वर्षं, चाळीस वर्षं! ज्या महिन्यात बीज पिकतं, त्याच महिन्यात त्या सुटतात. म्हणजे मी ज्या बीजापासून झाले, ते माझ्या आजीच्या पोटात माझी आई असताना तयार झालेलं. जोड्यांना धरून ठेवणारा जो डिंकासारखा पदार्थ असतो, तो इतक्या वर्षांत झिजतो. आणि एखादा जोडधागा दोराला नीट लागला नसेल तर थांबायचं, ही जी राखण इतर पेशींत कडक असते, ती बीजात थोडी ढिली असते. म्हणून वय वाढलं की चूक वाढते. पंचविशीतल्या आयांच्या साधारण बाराशे-तेराशे बाळांत एक, चाळिशीत शंभरात एक. तरीही डाऊन सिंड्रोमची जास्त मुलं तरुण आयांनाच होतात, कारण मुळात बाळंतपणं त्यांचीच जास्त. हे खाल्ल्यानं, चिरल्यानं, पाहिल्यानं, मनात वाईट आणल्यानं होत नाही. पंचवीस वर्षं दोरी ओलीत राहिली आणि तुटली, तर कुणी विहिरीला शिव्या देतं का?

हे तीन गुणसूत्रांचं गुपित उलगडलं त्याचीही एक कथा आहे. पॅरिसमधल्या मार्थ गोतिए, शेतकऱ्याच्या घरातल्या, डॉक्टर झालेल्या. त्यांनी अपुऱ्या साधनांत, पेशी वाढवायला वेळप्रसंगी स्वतःचं रक्त वापरून, या मुलांच्या पेशी वाढवल्या आणि १९५८ साली त्यांत ४७ गुणसूत्रं पाहिली. फोटो काढायची सोय त्यांच्याकडं नव्हती, म्हणून काचपट्ट्या सहकारी घेऊन गेला. १९५९ साली शोध छापला गेला तेव्हा पहिलं नाव सहकाऱ्याचं, जेरोम लेजून यांचं, आणि यांचं नाव दुसरं, तेही चुकीचं लिहिलेलं! पन्नास वर्षांनी, २००९ साली, त्यांनी आपली हकिकत लिहिली. २०२२ साली त्या गेल्या.

आपल्यापुढं असं बाळ आलं तर काय करायचं, तेवढं नीट लक्षात ठेवा. ‘मंगोल’ हा जुना शब्द कुणी वापरला तर वापरू देऊ नका. अशा निम्म्या बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो आणि त्यातले पुष्कळ शस्त्रक्रियेनं बरे होतात, म्हणून जन्मल्यावर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी इको, झालीच पाहिजे. थायरॉइड दरवर्षी, कान आणि डोळे वेळोवेळी तपासावेत. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला जे पथक येतं, त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार यादीतच आहे. २०१३ साली महाराष्ट्रातूनच, पालघरहून, तो सुरू झाला. पुढचे उपचार त्यातून मोफत होऊ शकतात, पण मूल आतल्या खोलीत लपवलं तर पथकाला दिसणार कसं? बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी एकदा करून घ्या. शंभरात तीन-चार बाळांत जादा तुकडा दुसऱ्याच गुणसूत्राला चिकटलेला असतो आणि तो आई किंवा बापाकडून आलेला असू शकतो. पुढच्या मुलाचा विचार करताना ते कळायला हवं. गरोदरपणी रक्त आणि सोनोग्राफी पाहून याचा अंदाज सांगणाऱ्या तपासण्या आता आहेत. त्या करायच्या का, आणि काही निघालं तर पुढं काय, हे त्या बाईनं डॉक्टरांशी बोलून ठरवावं. सासर-माहेरनं साथ द्यावी, निकाल देऊ नये. आणि मुलगी पंधरा वर्षांची झाली तरी पाळी आली नाही, उंचीही खुंटली, तर नवस बोलू नका. कधी कधी तिच्यात एकच एक्स असतं. लवकर कळलं तर उपचार आहेत.

आमच्या महिला मेळाव्यात हळदीकुंकू, संगीत खुर्ची आणि कुणा पुढाऱ्याचं भाषण ठरलेलं असतं. यंदा मी मुलीच्या कॉलेजातल्या बाईंना एक दिवस सूक्ष्मदर्शक घेऊन यायची गळ घातली आहे. कांदे आम्ही चार दिवस आधी बाटल्यांवर ठेवणार. निरोपात मुद्दाम लिहिलंय, सुनांनी सासूबाईंना आणि नवऱ्यालाही घेऊन यावं. पलीकडच्या वाडीतल्या आजींनी येते म्हणून सांगितलंय. नातवालाही आणणार आहेत.